तळेगिरीची अर्धी संमती

तळेगिरीच्या दिवाणसाहेबांनी कागदाच्या माथ्यावर मोठी मुद्रा उमटवली, ओल्या शाईवर हलकी फुंकर घातली आणि थैलीचे बंद आवळले. शेवटच्या ओळीखाली उमटायला हवा होता तो लहान शिक्का त्यांनी बाहेर काढलाच नाही.

टेबलाभोवती पाच संस्थानांचे पाच प्रतिनिधी बसले होते. बाकीच्या चौघांच्या सह्या होऊन गेल्या होत्या आणि त्यांचे लक्ष ओसरीवर मांडलेल्या चहाकडे लागले होते. संघाचे सचिव नीळकंठराव वर्तक चष्मा पुसत होते. कोपऱ्यातल्या छोट्या मेजाशी मी, संघाच्या दप्तराचा कारकून दिनकर शिकनीस, सभेचे टिपण लिहीत होतो. माझे वय तेवीस होते. तो न उमटलेला शिक्का त्या दालनात फक्त मला दिसला. फार दिवस वाट पाहिलेली गोष्ट अचानक समोर येऊन उभी राहिली होती.

त्याला आता नऊ वर्षे झाली. देश स्वतंत्र होऊन तेव्हा पाच महिने लोटले होते. मोठ्या प्रांताच्या पोटात एकेकट्याने जाण्यापेक्षा एकमेकांचा हात धरून उभे राहावे, म्हणून येरणा नदीकाठच्या पाच लहान संस्थानांनी एक संघ केला होता. आज त्याचे नाव कुणाला आठवत नाही. तो पुरते वर्षभरही जगला नाही. पण त्या हिवाळ्यात सोनवळ्याच्या जुन्या नाटकशाळेत त्याची कचेरी भरत असे, आणि जिथे एके काळी पडदे लोंबत होते तिथे पाच राज्ये आपापल्या गळ्यातला अधिकार काढून एका ताटात ठेवायला निघाली होती. टपालावरून कोणी भांडले नाही, पोलिसांवरूनही नाही. भांडण पेटले ते नवव्या कलमावरून: नदीवरील सर्व बंधारे व त्यांचे दरवाजे संघाच्या ताब्यात राहतील.

बंधारा मुळात एकच होता आणि तो तळेगिरीचा होता. तळेगिरी नदीच्या वरच्या अंगाला. तिथल्या माणसांनी घरटी एक महिना अंगमेहनत देऊन तो बांधला होता, आणि पाणी केव्हा सोडायचे ते तळेगिरीच ठरवी. खालच्या चार संस्थानांत फाल्गुनापासून विहिरींचे तळ दिसू लागत. वर्तक पुण्याकडचे नावाजलेले वकील; त्यांचे म्हणणे एका वाक्यात मावत असे. नदी एक आहे, तर तिची किल्लीही एकच हवी. तळेगिरीचे दिवाण अप्पासाहेब हणमंते त्यावर शांतपणे म्हणत, की कुलूप आमच्या दारात आणि किल्ली अठरा मैलांवर सोनवळ्यात, तर आमच्या घराला आग लागल्यावर आम्ही पत्र लिहून कळवायचे का. दोघांचेही खरे होते. ती गोष्ट मला तेव्हाही कळत होती, हे इथे लिहून ठेवतो.

तळेगिरीने उघड नकार दिला असता तर संघ त्याच दिवशी मोडला असता. होकार दिला असता तर बंधारा गेला असता. म्हणून दिवाणसाहेबांनी आमच्या तळेगिरी दरबाराची जुनी वाट धरली होती. आमच्याकडे कागदावर सही नसते, दोन शिक्के असतात. माथ्यावरची मुद्रा म्हणजे कागद पाहिला. शेवटचे मोर्तब म्हणजे मजकूर इथे संपला आणि मान्य झाला. माथ्यावर मुद्रा आणि शेवट मोकळा, असा कागद म्हणजे ‘ऐकले, विचार करू’. न दुखावता दिलेला नकार. तो ज्याला मिळे त्याने तो मुकाट्याने ओळखायचा असे. बोलून दाखवणे हा आडदांडपणा मानला जाई. दिवाणसाहेब याच भरवशावर उठले आणि चहाला गेले. समोरच्या चौघांच्या आजोबांना हा रिवाज ठाऊक होता. पण नातू रबरी शिक्के वापरत, आणि सचिव तर वकील होते.

वर्तकांनी कागद उचलून उजेडात धरला आणि मला जवळ बोलावले.

“शिकनीस, तुम्ही तळेगिरीचे ना? या बाकीच्यांच्या सह्या आहेत. यांची नुसती ही एवढी मोहर. पुरते का ही?”

उघड्या दारातून मला ओसरी दिसत होती. दिवाणसाहेब बशीतून चहा पीत कुणाच्या तरी विनोदावर हसत होते. मी त्यांच्याकडे पाहिले, मग कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेकडे.

“पुरते, साहेब,” मी म्हणालो. “महाराजांची मुद्रा आहे ती. तिच्यावर आणखी काही लागत नाही.”

लाजाळू माणसाचा सूड असाच असतो. त्याला आरडाओरडा करावा लागत नाही. कोणीतरी काहीतरी विचारीपर्यंत थांबावे लागते.

आमच्या घराने सहा पिढ्या तळेगिरीचे शिक्के सांभाळले. माझे वडील नाना, रामकृष्ण शिकनीस, त्यांतले शेवटचे. चांदीची मुद्रा आणि मोर्तब यांची ती थैली नानांच्या गळ्यात असे. जेवतानाही ती उतरत नसे. या प्रसंगाच्या चार वर्षे आधी दिवाणसाहेबांनी एक सनद त्यांच्यापुढे ठेवली. महाराजांच्या मेहुण्यांना गावाचे कुरण दिल्याची ती सनद होती आणि तिच्यावर दहा वर्षांपूर्वीची तारीख होती. नानांनी शिक्का करायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी महाराजांच्या खासगी पत्रासाठी म्हणून दिवाणसाहेबांनी थैली घडीभर मागून घेतली, आणि नानांनी ती पावती न घेता दिली. आयुष्यात त्यांनी केलेली ती एकच चूक. आठवड्याने सनद उजेडात आली तेव्हा तिच्यावर दोन्ही शिक्के होते. गावकऱ्यांनी ओरड केली. भर दरबारात दिवाणसाहेब म्हणाले, की शिकनीसाने लोभापायी खोटा शिक्का केला, आणि दोन शिपायांनी नानांच्या गळ्यातून थैली काढून घेतली. दोरी मानेला घासली. तो लाल वळ मी पाहिला आहे.

हुकमात शब्द होते: ‘शिक्क्याबाबत खोटा इसम’. त्यानंतर गावात कोणाच्याही कागदावर नानांची साक्ष घेतली गेली नाही. खरेदीखत असो, वाटणीपत्र असो, मृत्युपत्र असो. लोक आमचे दार ओलांडून पुढच्या घरी जात. नाना कधी काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मी सोनवळ्याला येऊन शिकलो, संघाच्या कचेरीत चिकटलो आणि थांबलो.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला टंकलिखित इतिवृत्ताच्या प्रती वाटल्या गेल्या. नववे कलम सर्वानुमते संमत, असे त्यात होते. पाच मिनिटांत दिवाणसाहेब वर्तकांच्या खोलीत आले. मी तिथेच कपाटाशी फायली लावत होतो. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तळेगिरीने संमती दिलेली नाही, मोर्तब झालेले नाही, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. वर्तकांनी ऐकून घेतले आणि विचारले, की हा रिवाज कुठे लिहिलेला आहे. लिहिलेला नाही, असे उत्तर आले. मग जाणणारे कोण आहे? दिवाणसाहेबांनी बाकीच्या चौघांना बोलावून विचारले. दोघांनी खांदे उडवले. एक जण म्हणाले, की आमच्याकडे शिक्का मोटारीच्या ड्रायव्हरपाशी असतो, तो सापडला की आम्ही मारतो. सगळे हसले. अप्पासाहेब हसले नाहीत.

“आणि एक शिक्का पुरतो, हे तुम्हांला कोणी सांगितलं, सचिवसाहेब?”

“तुमच्याच गावच्या माणसानं.” वर्तकांनी माझ्याकडे पाहिले.

दिवाणसाहेब माझ्याकडे वळले. आडनाव त्यांना ठाऊक असणारच. चेहरा बहुधा पहिल्यांदाच पाहत होते. मग वर्तकांना म्हणाले, “रिवाज जाणणारा एक माणूस आहे. यांचे वडील.”

वर्तक कायद्याने चालणारे होते. राजपत्र संध्याकाळी पाचला छपाईला जायचे होते; तोवर लेखी साक्ष आली तर ठराव रोखून धरीन, असे त्यांनी कबूल केले. साक्ष लिहून घ्यायला संघाचा माणूस जायला हवा होता आणि हाताशी मी एकटाच होतो. मुलाला कसे पाठवायचे, अशी शंका त्यांनीच काढली.

“यांनाच बरोबर द्या,” दिवाणसाहेब म्हणाले. “यांच्या देखत विचारायचं आहे मला.”

मोटारीत आम्ही दोघे मागे बसलो होतो. पहिले दहा मैल रस्त्याच्या कडेने खालच्या गावांची वाळलेली शिवारे मागे पडत होती. नंतर हरभऱ्याची हिरवी पट्टी लागली आणि मी ओळखले, की तळेगिरीची हद्द आली.

“किती वर्षं जपलंस हे?” त्यांनी बाहेर पाहतच विचारले.

“चार.”

“राग माझ्यावर होता तर माझ्या तोंडावर थुंकायचं होतंस. ते पाणी माझं नाही रे.”

“अब्रूही माझी नव्हती, दिवाणसाहेब. नानांची होती.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटले, त्यांना लागले. आणि मला बरे वाटले. बंधाऱ्यावरून जाताना दरवाजे राखणाऱ्या पाटकऱ्याने मोटार ओळखून मुजरा केला. पाणी हिरवेगार आणि इतके स्थिर होते, की पलीकडच्या चिंचेची एकेक फांदी त्यात उतरली होती. लहानपणी मी याच दगडांवर पालथा पडून तासन् तास पाण्यात पाहत असे. त्या दिवशी मी मान फिरवली.

नाना परसात बोरू तासत होते. त्यांनी तासलेले बोरू कोणी विकत घेत नसे, तरी त्यांची एक जुडी नेहमी तयार असे. दिवाणसाहेबांना दारात पाहून ते उठले, त्यांनी घोंगडी पसरली आणि आईला पाणी आणायला सांगितले. आईने तांब्या उंबऱ्यातच ठेवला. पुढे आली नाही.

दिवाणसाहेबांनी सगळी हकिगत सांगितली. उभ्यानेच सांगितली, आणि मी पाहिले की ते नानांना ‘अहो’ म्हणत होते. मी सांगितले होते ते मात्र त्यांनी वगळले. नानांनी कागद मागून घेतला, माथ्यावरची मुद्रा पाहिली, आणि त्यांचे बोट शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवरून सावकाश फिरले. सहा पिढ्यांची सवय त्या बोटात होती.

“एक शिक्का पुरे, असं कोण म्हणालं?”

दिवाणसाहेबांनी माझे नाव घ्यावे याचीच मी वाट पाहत होतो. ते घेत नाहीत हे पाहून मला त्यांचा अधिकच राग आला.

“मी म्हणालो, नाना.”

“ठाऊक असून?”

“ठाऊक असून.”

मला वाटले होते, त्यांच्या डोळ्यांत क्षणभर तरी काही उजळेल. चार वर्षे मी त्या एका क्षणाची कल्पना करीत आलो होतो. नानांनी खाली बसून अर्धवट तासलेला बोरू पुन्हा हातात घेतला.

“माझी साक्ष या संस्थानात चालत नाही, दिवाणसाहेब,” ते म्हणाले. “तसा तुमचाच हुकूम आहे.”

दिवाणसाहेबांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला. मी दिला. ते घोंगडीवर मांडी घालून बसले, गुडघ्यावर पाटी ठेवली आणि लिहू लागले. ते लिहीत असताना मी त्यांच्या खांद्यामागे उभा राहून एकेक अक्षर उमटताना पाहिले. रामकृष्ण शिकनीस यांजवरील दोषारोप खोटा होता. त्या दिवशी मुद्रा व मोर्तब माझ्या ताब्यात होते आणि कुरणाच्या सनदेवर ते मीच उमटवले. खाली सही, तारीख, आणि संस्थानाचे नाव. एवढा अहंकारी माणूस एका बंधाऱ्यासाठी स्वतःचा गळा कापून देत होता, हे मला तेव्हा दिसले नाही. मला फक्त एवढेच दिसले, की त्यांच्या कपाळावर घाम आहे. तो घाम पाहताना मला जे सुख झाले तसे नंतर कधी झालेले नाही.

“वाचून पाहा,” ते म्हणाले. “काही कमी असेल तर सांगा. तेही लिहितो.”

नानांनी दोनदा वाचले. उंबऱ्यात आई पदर तोंडाला लावून रडत होती.

“कमी काही नाही,” नाना म्हणाले.

“मग आता सांगा. हा लिहून घेईल.”

मी लेखणी उघडली. तोवर माझ्या मनात एकच गोष्ट होती: नाना निर्दोष ठरले. नाना आता खरे सांगतील, बंधारा राहील; राहो बापडा, त्याचे मला काय. माझा सूड त्या कागदावर पुरा झाला होता. पुढचे मी पाहिलेच नव्हते. नानांनी ते पाहिले होते.

“कचेरीत जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं,” त्यांनी दिवाणसाहेबांना विचारले, “तर याचं काय होईल?”

दिवाणसाहेबांना खोटे बोलता आले असते. ते बोलले नाहीत, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

“नोकरी जाईल,” ते म्हणाले. “आणि कैद. संघाच्या नोकरांबद्दलचं ते कलम मीच लिहिलंय.”

“किती?”

“दोन वर्षं. पण मी वर्तकांशी बोलेन. मी शब्द देतो.”

“पावती न घेता मी एकदा तुमचा शब्द घेतला होता,” नाना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. त्यांनी बोरू जुडीत खोचला, हात धोतराला पुसले आणि मला म्हणाले, “लिही.”

त्यांनी स्वच्छ, ठाय आवाजात सांगायला सुरुवात केली. मी रामकृष्ण सखाराम शिकनीस, राहणार तळेगिरी, सहा पिढ्यांचा शिक्केनवीस, असे सांगतो की तळेगिरी दरबारच्या रिवाजाप्रमाणे कागदाच्या संमतीस माथ्यावरची मुद्रा तेवढी...

तिथे माझा हात थांबला.

“थांबलास का? तेवढी पुरेशी आहे. शेवटच्या मोर्तबाची गरज नाही. लिही.”

“नाना,” दिवाणसाहेब उठून उभे राहिले. “अहो, हे खोटं आहे. बंधारा जाईल.”

“होय.”

“तुमचीही विहीर त्याच पाण्यावर आहे.”

“होय, दिवाणसाहेब.”

आई रडायची थांबली होती. मी लिहिले. नानांनी माझ्या हातून लेखणी घेऊन खाली सही केली. मग दिवाणसाहेबांनी लिहून दिलेला कागद उचलला, त्याची नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

“हा तुमचा कागद परत घ्या. सकाळपर्यंत हे खरं होतं. तुमच्या हुकमात मी शिक्क्याबाबत खोटा इसम आहे. तो हुकूम आज बरोबर ठरला.”

दिवाणसाहेबांनी कागद घेतला नाही. तो घोंगडीवर पडला आणि तसाच राहिला. मी “नाना” म्हणून काही बोलू गेलो. त्यांनी सूर्याकडे पाहिले आणि म्हणाले, की पाचच्या आत पोहोचायचे आहे ना, मग निघावे.

परतीच्या वाटेवर दिवाणसाहेबांनी बंधाऱ्यापाशी मोटार थांबवली. ते उतरले, पाटकऱ्याशी काहीतरी बोलले आणि थोडा वेळ पाठमोरे उभे राहिले. त्या चैत्रात संघाच्या अधिकाऱ्याने दरवाजे उघडले. खालच्या गावांनी गुलाल उधळला. त्यांच्या विहिरींना त्या उन्हाळ्यात खरोखरच पाणी होते. तळेगिरीचा ऊस उभा वाळला आणि नानांनी परसातल्या घेवड्याच्या वेलांना सांडपाणी घालून पाहिले. पण हे पुढचे झाले. त्या वेळी मोटारीत बसून मी मांडीवरच्या साक्षीकडे पाहत होतो. तिच्यावरचे हस्ताक्षर माझे होते, वळणदार आणि निर्दोष. तिथपासून सोनवळ्यापर्यंतच्या अठरा मैलांत एक गोष्ट मला हळूहळू उमगत गेली. मी वर्तकांपुढे जाऊन खरे सांगू शकत होतो. नोकरीची किंवा कैदेची मला खरोखर भीती उरली नव्हती. पण मी खरे बोललो की नाना खोटे ठरणार होते, आणि या वेळी तो आळ नसणार होता.

नाटकशाळेत पोहोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटे होती. दिवाणसाहेब आत आलेच नाहीत. मोटारीतून उतरून सरळ आपल्या बिऱ्हाडाकडे चालू लागले. वर्तकांनी साक्ष उभ्यानेच वाचली, टाचणीने ठरावाला जोडली आणि छापखान्याच्या माणसाकडे दिली.

“म्हणजे तुमचंच खरं निघालं, शिकनीस,” ते म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत थबकले. “यात तुम्हांला आणखी काही सांगायचं आहे का?”

छापखान्याचा माणूस अजून दारातच उभा होता.

“नाही, साहेब,” मी म्हणालो.